चार थेंबांसाठी सात तुकडे

बाळ काचेत आहे, आईचं सिझर झालंय आणि मेडिकलवाला आईचं दूध काढायच्या पंपांची दोन खोकी समोर ठेवून विचारतोय, "बॅटरीवरचा देऊ की हाताचा?" मागच्या मेमध्ये सांगलीत मीही असाच काउंटरपुढे उभा होतो. आम्ही आटपाडीकडचे. बाळ ३३व्या आठवड्यात आलं, वजन १ किलो ६०० ग्रॅम. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसायला साधारण ३४ आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीला नळीतूनच. दूध काढणं बायकोकडे, धुणं माझ्याकडे. तेव्हा हे धुणाऱ्याचं मत आहे, असं धरूनच वाचा.

मी बॅटरीवरचा घेतला. पहिल्या दिवशीचा चीक पिवळाधमक, मधासारखा दाट. यंत्र पंधरा मिनिटं घुरघुरलं आणि बाटली कोरडीच. जे आलं होतं ते कपाला आणि आतल्या पांढऱ्या रबरी पडद्याला चिकटून बसलं. बायको रडायला लागली. रात्रपाळीच्या सिस्टरनी पंप बाजूला सारला आणि उकळलेली स्टीलची वाटी आणली. अंगठा वर, बोटं खाली, काळसर भागाच्या कडेशी. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग चिमटीत आणायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. दहा मिनिटांनी वाटीच्या तळाशी चार थेंब जमले. सिस्टरनी ते सिरिंजमध्ये ओढून घेतले. थेंबही वाया गेला नाही.

खरा वैताग धुण्याचा. दिवसरात्रीत आठ-दहा वेळा काढायचं, त्यात रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. म्हणजे दर तीन तासांनी पंपाचे सात तुकडे सुटे करा, वेगळ्या पातेल्यात गरम साबणाच्या पाण्याने धुवा, रोज एकदा उकळा, वाळवा. आईला सुट्टी मिळाल्यावर आम्ही लॉजवर राहिलो. पहाटे तीनला तो नखाएवढा पडदा माझ्या हातून निसटून बेसिनच्या जाळीतून गेला. त्याच्याशिवाय पंप ओढतच नाही. सकाळी दुकानात उत्तर मिळालं, "सुटा नाही, अख्खा सेट घ्या." तोवर वाटीवर भागलं, आणि मग बरंचसं वाटीवरच भागत गेलं. बर्फाच्या डब्यातून दूध पोचवायचं काम मात्र दोन्हीत सारखंच. सांगलीच्या उन्हात ते बाहेर ठेवायचं नाव काढू नका.

पंपाला नावं ठेवत नाही. पान्हा नीट फुटल्यावर दोन्ही बाजू एकदम काढणारा पंप वेळ वाचवतो. जुळं असेल किंवा बाळ महिना-दीड महिना आत राहणार असेल तर बहुधा तो लागेलच. भाड्याने मिळाला तर उत्तम. हाताने दाबायचा पंप मधल्यामध्ये: तुकडे कमी, मनगट दुखतंच. रबरी फुग्याचा भोंगा स्वस्त असला तरी नको, फुग्यात गेलेलं दूध धुऊन निघत नाही. पण पहिल्या आठवड्यापुरतं विचाराल तर मी खोकं न उघडता आधी सिस्टरना गाठेन.

एकोणिसाव्या दिवशी बाळाला अंगावर घ्यायचं ठरलं, तेव्हा छाती इतकी ताठली होती की त्याला तोंडात धरताच येईना. बायकोने सवयीने हातानेच थोडं काढलं, पुढचा भाग मऊ झाला आणि त्याने पकडलं. सासूबाई शेजारी बोंडलं घेऊन तयारीत बसल्या होत्या. त्यांनी ते हळूच पदराखाली घेतलं.