रंगीत कार्ट्रिजपायी अडलेली काळी छपाई: घरच्या इंकजेटचे अकरा महिने

जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला प्रिंटरवरचा केशरी दिवा लुकलुकायला लागला आणि लॅपटॉपवर ‘कार्ट्रिज प्रॉब्लेम’ अशी पाटी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी 7 वाजता पाचवीच्या शिष्यवृत्तीची 14 मुलं सराव परीक्षेला येणार होती. पेपर दुसरा, 75 प्रश्न, सगळे काळ्या शाईत, रंगाचा ठिपकाही नाही. आणि अडली होती ती रंगीत कार्ट्रिज, म्हणजे रंगीत शाईची डबी! काळी महिन्यापूर्वीच भरून घेतलेली, तरी मशीन एक ओळ छापेना. कॉपी नाही, स्कॅनही नाही. स्कॅनला शाई कशाला लागते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी रत्नागिरीत घरी शिकवण्या घेते. प्रिंटर गेल्या गणपतीत घेतला. दोन कार्ट्रिजवाला, प्रिंट-स्कॅन-कॉपी, साधारण साडेचार हजारांचा, बऱ्याच घरांत दिसतो तोच प्रकार. बाकीची माहिती खोक्यावर असते, ती इथे देत नाही. महिन्याला माझी अडीचशेच्या आसपास पानं होतात आणि त्यातली रंगीत जेमतेम दहा.

त्या रात्री पावसात मारुती मंदिर भागात जाऊन झेरॉक्स काढल्या. 8 पानांचे 14 संच, 2 रुपये पान, 224 रुपये. पैशांपेक्षा जिवाला लागलं ते वेगळंच. घरात चालता प्रिंटर, त्यात भरलेली काळी शाई, आणि मी छत्री सांभाळत रांगेत उभी.

सोमवारी ग्राहक सेवेला फोन लावला. पंचवीस मिनिटांनी जो भेटला त्याने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, “मॅडम, कलर कार्ट्रिज गेली आहे, नवीन टाका.” मी टाकली. 1,050 रुपयांची, सीलबंद, कंपनीचीच. झाकण लावलं आणि तोच केशरी दिवा, तीच पाटी.

पुन्हा फोन. या वेळी सूर बदलला होता. “तुम्ही आधी रिफिल केलेली वापरलीत ना? मग वॉरंटी संपली. तसं बाहेरची शाई भरणं बेकायदेशीरच आहे.” हे ऐकून मी वॉरंटीचा कागद काढून बसले. माझ्या कागदावर स्पष्ट आहे की रिफिल वापरल्याने वॉरंटी जात नाही. त्या शाईमुळेच बिघाड झाला असेल तर तेवढ्या दुरुस्तीचा खर्च आपला. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. बेकायदेशीर म्हणाल, तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात निकाल दिला आहे की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क राहत नाही. तो कायदा तिकडचा, पण स्वतःच्या पैशांनी घेतलेली डबी पुन्हा भरली म्हणून मी गुन्हेगार ठरते, हे मला कुणी फोनवर ऐकवू नये. मी वॉरंटीचं कलम वाचून दाखवलं, तेव्हा तो “वरिष्ठ फोन करतील” म्हणाला. तो फोन आलेला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 क्रमांक मी लिहून ठेवला होता, पण त्याआधीच उत्तर सापडलं.

खरं सांगायचं तर तोवर माझाही संशय रिफिलवाल्या मुलावरच होता. काळी 150 आणि रंगीत 250 रुपयांत भरून देतो, म्हणजे शाई हलकीच असणार असं मी धरून चालले होते. तो घरी आला, झाकण उघडलं आणि कार्ट्रिजकडे न बघता मोबाइलचा टॉर्च कार्ट्रिज बसते त्या खाचेत मारला. “बाई, हे बघा.” खाचेच्या मागच्या भिंतीवर बारीक सोनेरी पिना असतात, त्यातल्या खालच्या तीन-चार पिनांवर निळसर शाईचा वाळलेला थर होता. कार्ट्रिजच्या पाठीवर तांबूस ठिपक्यांची पट्टी असते, ती या पिनांना टेकते, आणि आत कोणती कार्ट्रिज आहे हे मशीनला त्या स्पर्शातूनच कळतं. मध्ये शाई आली, दमट हवेने थर धरला, की कोरी करकरीत कार्ट्रिजसुद्धा मशीनच्या लेखी खराब. आमच्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत कपाटातल्या वह्यासुद्धा ओलसर लागतात, तिथे या पिना कोरड्या कशा राहणार?

त्याने पुसलं, दिवा विझला. नवी लागली. मग मी हट्टाने जुनी घालायला लावली, तीही लागली! 1,050 रुपये हकनाक गेले होते. त्या मुलाबद्दल मनात जे आणलं होतं त्याचं मला वाईट वाटलं आणि मी ते त्याला सांगितलंही.

तेव्हापासून हे काम मी स्वतः करते. पद्धत नीट सांगते, कारण चुकीचं पुसल्यानेही कार्ट्रिज जाते. प्रिंटर चालू असताना झाकण उघडून कार्ट्रिज बसतात तो सरकता भाग मधोमध येऊ द्यायचा आणि मग मागची वायर काढायची. जुनं, धुवून मऊ झालेलं मलमल घ्यायचं. टिश्यू नको, त्याचे तंतू पिनांत अडकतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर कापडाला जेमतेम लावायचं. नळाचं नको, त्यातले क्षार वाळून मागे राहतात. कार्ट्रिजवरचे तांबूस ठिपके आणि खाचेतल्या पिना, दोन्ही पुसायचं. बहुतेक लोक फक्त कार्ट्रिज पुसतात आणि एरर गेला नाही म्हणून दुकान गाठतात. खालच्या छिद्रांच्या पट्टीला हात लावायचा नाही. दहा मिनिटं वाळू द्यायचं, पण अर्ध्या तासाच्या वर कार्ट्रिज उघडी ठेवायची नाही. नवी असेल तर छिद्रांवरची पारदर्शक पट्टी पूर्ण निघाली का, तेही बघायचं.

इथपर्यंत मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं आणि शेवटी ‘हे मशीन घेऊ नका, रंगीतपायी काळी अडवतं’ असं ठरवून टाकलं होतं. ते आता मला बदलावं लागतंय. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच एरर आला. पुसायला म्हणून रंगीत बाहेर काढली आणि झाकण चुकून लागलं. स्क्रीनवर विचारणा आली: एकाच कार्ट्रिजवर छापायचं का? हो म्हटलं, आणि आठ पानं धडाधड बाहेर! स्कॅनसुद्धा झालं. म्हणजे रंगीत आत असून बिघडली तर सगळं बंद, आणि मुळात नसेलच तर काळं सुरळीत. ही सोय मशीनमध्ये पहिल्यापासून होती. त्या शुक्रवारी ‘रंगीत काढून ठेवा’ एवढी एक ओळ पाटीवर असती, तर मी पावसात गेले नसते. ग्राहक सेवेच्या माणसालाही ती सांगता आली असती. माझा राग मशीनवरून उतरून त्या पाटीवर आणि त्या फोनवर गेला आहे, आणि तिथे तो कायम आहे. सगळ्याच मॉडेलना ही सोय नसते, पण अडलात तर आधी हे करून बघा. काढलेली कार्ट्रिज घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, छिद्रं कशालाही टेकू देऊ नका.

दुसरं मत बदललं ते बोर्डावरच्या बटणाचं. रात्री सगळी बटणं बंद करायची ही आमच्या घरची शिस्त. प्रिंटरचंही मी थेट बोर्डावरून बंद करत होते. पण छापणारी डबी एका कडेला जाऊन रबरी टोपीवर बसते, तेव्हाच तिची छिद्रं झाकली जातात, आणि ती जागेवर जाते प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबल्यावर. वीज मध्येच तोडली तर ती कधी कधी उघडीच राहते आणि शाई सुकते. शिवाय वीज परत आली की मशीन स्वतःला साफ करायला थोडी शाई खर्च करतं. विजेचे पैसे वाचवताना मी रोज शाई सांडत होते. आता आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझला की मगच बोर्डाचं. छापताना वीज गेलीच, तर आल्यावर एकदा चालू करून नीट बंद करते.

सुकलेल्या छिद्रांचा त्रास माझ्या कामात फार जाणवतो. बुद्धिमत्ता चाचणीत छायांकित आकृत्या असतात. काळ्या भागातून एक पांढरी रेघ गेली की वेगळी आकृती कोणती, याचं उत्तरच बदलतं. एका मुलीने मला तसं दाखवून दिलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. अशा वेळी कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या घडीवर कार्ट्रिज मिनिटभर उभी धरते, शाईचा डाग उमटला की लावते. रंगीतसाठी दर रविवारी तीन रंगांचं एक छोटं पान काढते.

रिफिलला मर्यादा आहे, तीही सांगते. या प्रकारात प्रत्येक छिद्रामागे बारीकसा हीटर असतो. तो शाई क्षणात तापवतो, वाफेचा बुडबुडा थेंब बाहेर ढकलतो, आणि त्या हीटरला थंड ठेवते तीही शाईच. कोरडी छापत राहिलात तर हीटर जळतो. मग येणारा एरर खरा असतो आणि पुसून जात नाही. म्हणून अक्षरं फिकी दिसली की मी त्याच दिवशी थांबते. माझी काळी पाच वेळा भरून झाली आहे. ‘आधी वापरलेली कार्ट्रिज’ अशी सूचना येते, ओके म्हणून पुढे जाते. आपोआप अपडेट मात्र बंद करून ठेवलंय, कारण एखाद्या अपडेटनंतर दुसऱ्या कंपनीची चिप असलेल्या कार्ट्रिज मशीन नाकारू शकतं.

आज घ्यायचा असता तर मी टाकीवाला, म्हणजे कार्ट्रिजऐवजी टाकीत शाई ओततात तो, घेतला असता. महिना अडीचशे पानांना तोच परवडतो. पण शेजारच्या काकू परवा नातीच्या प्रकल्पासाठी विचारायला आल्या, महिन्याला दहा-बारा पानं. त्यांना मी कुठलाच सुचवला नाही. मारुती मंदिरला 2 रुपयांत होतं, आणि लागलीच एखादी झेरॉक्स तर माझ्याकडे या म्हटलं.