उसाची ट्रॉली आणि फोर व्हील ट्रॅक्टर : एका हंगामानंतर

५५ एचपी, फोर व्हील (इंजिनचा जोर चारही चाकांना), मागे १६.९-२८ आणि पुढे ९.५-२४ टायर. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, रोज उसाची ट्रॉली, त्यानंतर पावसाळ्यापर्यंत शेणखत आणि मुरूम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे आहे ते या घडणीच्या कुठल्याही ट्रॅक्टरला लागू पडतं. ट्रॉली ओढताना फोर व्हील कधी लावायचा, कधी काढायचा, आणि ज्यानं अजून ट्रॅक्टर घेतलेला नाही त्याचं टू व्हीलवर (जोर फक्त मागच्या दोन चाकांना) भागेल का, एवढ्यापुरतंच हे लिखाण आहे.

याचं उत्तर ट्रॅक्टरपेक्षा ट्रॉलीत जास्त आहे. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, म्हणून आधी हिशेबच मांडतो.

चालकासकट २,४०० किलोचा ट्रॅक्टर धरा. उभा असताना पुढच्या आसावर ९६० आणि मागच्या आसावर १,४४० किलो. दोन्ही आसांतलं अंतर २.१ मीटर, हूक जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर. भरलेली ट्रॉली एकूण ८ टन. डांबरी रस्त्यावर ती ओढायला वजनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे १६० ते २४० किलोचा ओढ पुरतो. तीच ट्रॉली मऊ रानात घातली की दहा ते पंधरा टक्के लागतात, म्हणजे ८०० ते १,२०० किलो. आपण १,००० धरू. हूक जमिनीच्या वर असल्यामुळे हा ओढ ट्रॅक्टरचं नाक उचलायला बघतो. १,००० गुणिले ०.५५ भागिले २.१, म्हणजे सुमारे २६० किलो पुढून निघून मागच्या चाकांवर जातात.

ट्रॉली चार चाकी असेल तर गोष्ट इथेच थांबते. हुकावर वजन नाही. मागे १,७०० किलो, पुढे ७००. ओलसर रानात चाकाची पकड त्यावरच्या वजनाच्या ४५ टक्के धरली, तर नुसती मागची चाकं ७६५ किलो ओढतील. लागतात १,०००. ट्रॅक्टर जागेवर चाकं फिरवत खड्डा करणार. फोर व्हील लावला की सगळे २,४०० किलो कामाला येतात आणि ओढ १,०८० वर जातो. निघतो, पण जेमतेम.

दोन चाकी ट्रॉलीचा प्रकार उलटा आहे. तिच्या पुढच्या भागाचं वजन हुकावर बसतं. ८०० किलो धरले आणि हूक मागच्या आसाच्या ७० सेंटिमीटर मागे असला, तर हे ८०० मागच्या चाकांवर येतातच, शिवाय पुढून आणखी २६५-२७० किलो उचलतात. मागे झाले २,७७० आणि पुढे उरले ४३०. आता नुसती मागची चाकंच १,२४५ किलो ओढतात. फोर व्हील लावून यात भर पडते साडेपंधरा टक्क्यांची. चार चाकी ट्रॉलीला हीच भर ४१ टक्के होती. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या चाकांना रान जे अडवतं ते यात धरलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हातात थोडं कमीच येतं.

म्हणून एकच दोन चाकी ट्रॉली ओढणाऱ्या शेजाऱ्याचा जुना टू व्हील फडातून, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानातून, बाहेर पडतो आणि आपला नवा फोर व्हील चार चाकी ट्रॉली घेऊन घसरतो, यात नवल काही नाही. मागे दुसरी ट्रॉली जोडली की चित्र पुन्हा बदलतं. दुसरी ट्रॉली हुकावर वजन देत नाही, फक्त ओढ वाढवते. दोन ट्रॉल्या भरून मऊ रानातून काढायच्या नसतात, फोर व्हीलनंही नाही. एकेक बाहेर काढून रस्त्यावर जोडायची.

पुढे ४३० किलो उरणं ही नुसती पकडीची अडचण नाही. चढावर त्यातलेही आणखी मागे सरकतात, स्टिअरिंग हलकं पडतं आणि ट्रॅक्टर वळवाल तिकडे न जाता सरळ जातो. यावर उपाय पुढच्या वजनांचा. पुढच्या आसापासून ७० सेंटिमीटर पुढे २०० किलो लावले, तर तरफेमुळे पुढच्या चाकांवर २६५ किलो येतात. दोन चाकी ट्रॉली ओढणारा फोर व्हील पुढच्या वजनांशिवाय घेतला तर जास्तीचे पैसे हवेत गेले म्हणायचे. मागच्या चाकांत पाणी भरायचा रिवाज इथे मात्र चुकीच्या जागी लागू होतो. व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं तर १६.९-२८ च्या एका टायरमध्ये सव्वादोनशे ते अडीचशे लिटर बसतं. नांगरटीला आणि चार चाकी ट्रॉलीला त्याचा उपयोग आहे. दोन चाकीला मागे आधीच पावणेतीन टन आहेत, तिथे अजून अर्धा टन घालून रान दाबण्यापलीकडे काही साधत नाही.

आता दांडी, म्हणजे फोर व्हील लावायचा-काढायचा लिव्हर, कधी टाकायची. पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये डिफ्रन्शिअल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरजोडणी) नाही, दोन्ही एकमेकांना गिअरने घट्ट बांधलेले. त्यात पुढची चाकं मुद्दाम थोडी जास्त फिरतील अशी रचना असते, म्हणजे ती नेहमी ओढत राहतात, ढकलली जात नाहीत. हा फरक एक ते पाच टक्के असावा. मातीत तो घसरणीत जिरतो. डांबरावर जिरायला जागा नसते. मग टायरचे गट्टू, म्हणजे वर आलेले रबरी ठोकळे, घासतात, वळताना नाक सरळ ढकललं जातं, गिअर एकमेकांत तटून बसतात आणि दांडी निघत नाही. ती हिसकायची नाही. स्टिअरिंग सरळ करून दोन-चार फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटला की ती आपोआप हलकी होते.

हा फरक आपल्या ट्रॅक्टरचा किती आहे, ते मोजायला अर्धा तास पुरतो. पुढच्या आणि मागच्या एकेका टायरवर खडूने रेघ मारा. कडक, सपाट, सरळ जागा हवी, साधारण ४५ मीटर. ट्रॉली न जोडता, फोर व्हील काढून, मागचं चाक दहा फेरे होईपर्यंत सावकाश चालवा आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजा. अपुरा फेरा गट्टूंच्या संख्येवरून काढा. मग फोर व्हील लावून तेच पुन्हा. समजा आधी १३.६ आले आणि लावल्यावर १४.०, तर ०.४ भागिले १३.६, म्हणजे २.९ टक्के. छान. शून्याच्या खाली आलं तर पुढची चाकं ओढायच्या ऐवजी मागच्यांना अडवत आहेत. पुढचे टायर झिजले, मागे नवे टाकले, की असं होतं. उलट मागचे झिजलेले आणि पुढे नवे असतील, किंवा मागची हवा फार कमी केली असेल, तर आकडा पाचाच्या वर जातो आणि पुढच्या नव्या टायरची झीज डोळ्यांदेखत होते. म्हणून टायर बदलले की मोजणी पुन्हा करायची, आणि वेगळ्या मापाचा ‘बसतोय ना’ म्हणून मिळालेला टायर फोर व्हीलला लावायचाच नाही. टू व्हीलला चालून जातं, इथे चालत नाही.

फडात शिरताना दांडी बांधावरच टाकायची, रुतल्यावर नाही. चाक एकदा फिरून खड्डा झाला की ट्रॉलीबरोबर त्या खड्ड्याचा चढही ओढावा लागतो. ट्रॅक्टर थांबवून, क्लच दाबून दांडी टाका. दात जुळले नाहीत तर किंचित पुढे सरकवा. आणि भरायच्या आधीच ट्रॉलीचं तोंड बाहेरच्या दिशेला करून उभी करा. तोडणी मजूर उभी असेल तशीच भरतात, मग आठ टन घेऊन सऱ्यांवर वळायची वेळ येते. फोर व्हीलला वळायला जागा जास्त लागते, हा त्याचा खरा तोटा आहे. बांधाकडेला जिथे टू व्हील एका दमात फिरतो, तिथे हा एकदा मागेपुढे घ्यावा लागतो.

डिफलॉक (मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधणारं पेडल) आणि फोर व्हील ही दोन वेगळी औषधं आहेत. एका बाजूचं मागचं चाक पाटाच्या ओलीत फिरतंय आणि दुसरं कोरड्यात उभं आहे, तर आधी डिफलॉक. नुसता फोर व्हील असेल तर मागचं एक आणि पुढचं एक फिरत राहू शकतं. डिफलॉक दाबताना चाक थांबलेलं हवं, फिरत्या चाकावर दाबला की दात उडतात. सरळ जाईपर्यंतच ठेवायचा, वळायच्या आधी पाय काढायचा.

फडात फोर व्हील वापरायचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण ओढ नाही, खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणारा ऊस) आहे. घसरणारं चाक बुडखे उपटतं आणि सरीत चिखलाचा घट्ट थर बसवतं. घसर मोजणं सोपं आहे. रिकाम्या ट्रॅक्टरनं मागच्या चाकाच्या दहा फेऱ्यांचं अंतर खुणा करून ठेवा, भरल्या ट्रॉलीनिशी तेच अंतर किती फेऱ्यांत कापलं ते बघा. ११.५ फेरे लागले तर दीड भागिले साडेअकरा, म्हणजे १३ टक्के. फोर व्हीलला ८ ते १२ चांगलं. १५ च्या वर गेलं की त्या रानाला अजून वाफसा नाही. मग दांडीनं, डिफलॉकनं, कशानंही जबरदस्ती करू नका. नदीकाठच्या काळ्या रानात हे विशेष खरं आहे. वरून माती सुकलेली दिसते, चाक वीतभर आत गेलं की खाली लोणी.

रस्त्यावर आलात की दांडी काढा. याला एकच अपवाद, उतार. कोल्हापुरातल्या भुदरगड-राधानगरीकडच्या डोंगरउतारावरून भरलेली ट्रॉली उतरवताना फोर व्हील लावून ठेवणं योग्य. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा नसतातच. फोर व्हील लावला की पुढची चाकं गिअरमधून मागच्यांना बांधली जातात, म्हणजे ब्रेक चारही चाकांना लागतो, इंजिनचाही. मागची दोनच चाकं लॉक झाली की ट्रॉली ढकलते आणि ट्रॅक्टर तिच्यापुढे आडवा होतो. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवलेली हवीत, गिअर चढायला जो लागला असता तोच उतरायला, आणि क्लच दाबायचा नाही. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल काय बोलावं. वेग मात्र कमीच हवा. उतार संपला की दांडी लगेच काढायची, नाहीतर कारखान्यापर्यंत पुढचे गट्टू रस्त्यावर घासत जातात.

रुतलाच तर ओढण्याची साखळी खालच्या हुकालाच. मागच्या आसाला किंवा टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी साखळी बांधली की ओढ आसाच्या उंचीवर किंवा त्याच्याही वर जातो आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. फोर व्हीलचं पुढचं वजन यातून वाचवेल या भरवशावर राहू नये, कारण उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. दुसरा ट्रॅक्टर पुढे लावला तर साखळीतला ढील सावकाश काढा, झटका देऊ नका, आणि माणसं साखळीच्या दीडपट लांबीच्या बाहेर. ट्रॉली आधी रिकामी करा. मोळ्या उतरवायचा कंटाळा क्लच प्लेटपेक्षा महाग पडतो.

देखभालीत टू व्हीलपेक्षा वाढणारं काम पुढच्या आसाचं. पाचट, मोळीची दोरी आणि सगळ्यात वाईट म्हणजे ठिबकची नळी चाकाच्या आतल्या बाजूला गुंडाळते आणि ऑइल सील कापते. रोज संध्याकाळी हात घालून काढायची. हबच्या आतून ओलसर काळा डाग दिसला की सील गेलंय असं समजा. तेल कमी झालं की पुढचे गिअर आवाज न करता झिजतात. आसाच्या मधल्या पिव्होटला चिखलाच्या दिवसांत रोज ग्रीस. पहिलं तेल बदलणं पुस्तकात दिलेल्या तासांवर करा, लांबवू नका, नव्या गिअरचा बारीक चुरा पहिल्या तेलातच उतरतो.

आणि घ्यायचा की नाही. एक दोन चाकी ट्रॉली, मुरमाड किंवा निचऱ्याचं रान, घरचाच ऊस, तर टू व्हील, डिफलॉक आणि पुढे वजनं एवढ्यावर भागतं. फरकाची रक्कम लाखाच्या पुढे जाते, तेवढ्यात ट्रॉलीला ब्रेक बसवता येतात आणि ते जास्त गरजेचे आहेत. चार चाकी ट्रॉली, काळं रान, डोंगरउतार, किंवा दुसऱ्यांचा ऊस वाहायचा धंदा यांतलं एक जरी असेल तरी फोर व्हील. सेकंडहँड बघायला गेलात तर आधी पुढच्या टायरचे गट्टू बघा. मागचे निम्मे शिल्लक असताना पुढचे सपाट झाले असतील तर तो ट्रॅक्टर डांबरावर दांडी टाकूनच चालवलेला आहे, आणि पुढच्या आसातलं तेल काढून त्यात चमक दिसते का ते बघितल्याशिवाय भाव बोलू नका.