तोरणमाळच्या कॉटेजचं भाडं

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी ‘हॉलिडे कॉटेज’ विकणाऱ्यांच्या नादी धुळे-शहादा पट्ट्यातले बरेच जण लागले. माझ्या निवृत्तीच्या पैशांतले 9 लाख तिथेच गेले. सध्या त्याच धर्तीच्या जाहिराती पुन्हा फिरताहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

योजना ऐकायला चोख. धुळ्यात फ्लॅट घेतला तर वर्षाला किमतीच्या दोन-तीन टक्के भाडं सुटणार, वर भाडेकरूची कटकट. त्यापेक्षा यशवंत तलावाच्या बाजूला कॉटेज घ्या, 15 दिवस स्वतः राहा, उरलेलं वर्ष आम्ही पर्यटकांना देऊ. तुम्हाला दरमहा 9,000, पर्यटक येवो न येवो. विकणारा अहिराणीत बोलायचा. “आबा, मी आपला गावना माणूस शे.” चहा झाला, ओळखी निघाल्या, लांबचं नातंही सापडलं. आपल्याकडे एवढं पुरतं.

आता हिशोब बघा. 9 लाखांवर महिन्याला 9,000 म्हणजे वर्षाला 12 टक्के. असलं भाडं कुठल्या घराला मिळतं? सातपायरी घाट चढून लोक येतात ते पावसाळ्यात, थंडीत आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला. एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी वर शुकशुकाट. आम्हाला मिळत होते ते नव्या गिऱ्हाइकांचे पैसे. पण मिळत होते अगदी तारखेला, आणि सगळी मेख तिथेच होती. खात्यात पैसे पडल्याचा मेसेज आला की कागद मागणारा गप्प बसतो. वर तोच मेसेज दाखवून शालकाला, व्याह्यांना त्यात ओढतो. आमच्यातले निम्मे असेच आले.

कागद म्हणजे 500 च्या स्टॅम्पवर ‘वापर व भाडेहक्क करारनामा’, खाली नोटरीचा गोल शिक्का. नोटरीच्या शिक्क्याने मालकी बदलत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं, मग फेरफार, म्हणजे महसूल दफ्तरात नव्या मालकाची नोंद. इथे दोन्ही नव्हतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “डोंगरावर ते लागत नाही.” रेरा, म्हणजे घरं विकणाऱ्या बिल्डरांवरचा कायदा, त्याबद्दलही हेच. वास्तविक जमीन 500 चौरस मीटरच्या वर असेल आणि घरंही आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराचा नोंदणी नंबर घेतल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. आणि करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्याकडून पूर्ण घेतली होती, काहींकडून रोख.

भाडं थांबल्यावर आमच्यातल्या एकाने करारातला गट नंबर टाकून 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढला. भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, तिथलंच एक पावरा आदिवासी कुटुंब, आणि ‘इतर अधिकार’ रकान्यात आदिवासी खातेदार असल्याची नोंद. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे, तो सगळा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे 1974 पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. भाडेपट्ट्यालासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात विकायला काही नव्हतंच.

आम्ही त्या घरी गेलो. म्हातारा आम्हाला बघून आधी घाबरला, आम्ही जमीन घ्यायला आलोय असं त्याला वाटलं. तंबू ठोकायला जागा देऊन वर्षाचे पैसे ठरले होते म्हणाला, पहिल्या हप्त्यानंतर दमडी नाही. त्याच्या अंगठ्याचा कागद आमच्या करारांना जोडलेला होता. त्यात काय लिहिलंय, ते त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

ठेवीदारांच्या संरक्षणाच्या 1999 च्या कायद्याखाली तक्रार दिली आहे. ज्यांनी चेकने दिले त्यांच्या पैशांचा माग लागतोय, रोखवाल्यांकडे फक्त पावत्या आहेत, त्याही बिनसहीच्या. ज्यांना अजून भाडं मिळतंय त्यांनी ते येत असतानाच गट नंबर मागून सातबारा काढून बघावा. परवा चाळीसगावहून एका मित्राचा फोन होता: पाटणादेवीच्या बाजूला ‘जंगल व्ह्यू’ बंगले, दरमहा हमखास भाडं. गट नंबर विचारायला सांगितलाय त्याला. अजून मिळालेला नाही.