सायकलचं मागचं कॅरिअर आणि बॅगा: आधी कॅरिअर ठरवा, मग बॅग

इंदूरहून खंडवा रोडने ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. सिमरोलपुढे भेरूघाटाचा उतार लागतो आणि मागच्या सामानाची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून बाजारात मिळणाऱ्या दोन्ही प्रकारच्या कॅरिअरचा विचार इथे त्या उताराच्या हिशोबाने केला आहे.

सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, आवळायचं कॅरिअर पाच मिनिटांत बसतं. त्यावर बहुधा ९-१० किलोची मर्यादा छापलेली असते, पण त्याचा खरा दोष म्हणजे पीळ. सगळा भार एकाच पकडीवर येतो. खड्ड्यांचे दणके बसून आतलं रबर दबतं, बोल्ट सैल होतो आणि कॅरिअर एका अंगाला फिरतं. कॅरिअरला बाजूने खाली उतरणारे पाय नसले तर लोंबती बॅग थेट चाकाच्या तारांत जाते. कार्बनच्या सीटपोस्टवर ते लावूच नये. डबा आणि रेनकोट घेऊन ऑफिसला जायला ठीक आहे, घाटाला नाही.

चार ठिकाणी बोल्टने फ्रेमवर बसणारं कॅरिअर घ्या. खाली एक्सलजवळ दोन आणि वर सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दांड्यांवर दोन एम-५ (५ मिमी बोल्टच्या) आट्यांची भोकं आपल्या फ्रेमला आहेत का, ते आधी पाहा. मर्यादा साधारण २५ किलोची असते आणि त्यात बॅगांचं वजनही धरायचं. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण तडकलं तर गावातला वेल्डर सहसा जोडू शकत नाही. लोखंडी कॅरिअरला तो टाका मारून देतो. लांबच्या वाटेला आमची पसंती लोखंडाला.

बसवताना दोन जागी चुकतं. उजवीकडचा खालचा बोल्ट लांब असला तर त्याचं टोक आत डोकावतं आणि सर्वांत छोट्या गिअरवर चेन त्याला घासते. चेन त्या गिअरवर टाकून चाक फिरवून बघा. दुसरी जागा डिस्क ब्रेकची: कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) आड येतो म्हणून काही जण मध्ये जाड स्पेसर (अंतर ठेवणारी चकती) टाकून लांब बोल्ट लावतात. मग बोल्टला वाकवणारा जोर बसतो, तो फ्रेमलगत तुटतो आणि तुकडा आतच अडकतो. त्यापेक्षा बाहेर वळवलेल्या पायांचं, डिस्कसाठीच बनवलेलं कॅरिअर घ्या. आट्यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा आवळा.

बॅग घेताना सायकल दुकानात न्या. नेहमीचे बूट घालून पेडल उलटं फिरवा. टाच आणि बॅग यांत दोन बोटं जागा हवी. रोड बाइकची मागची फ्रेम आखूड, तिथे टाच हमखास लागते. बॅगेचे वरचे हूक कॅरिअरच्या नळीवर खुळखुळत असतील तर आत प्लॅस्टिकची पट्टी बसवा, नाहीतर रंग आणि हूक दोन्ही झिजतात. खालचा हूक नसलेली बॅग घेऊ नका.

पावसाळ्यासाठी वेगळं कव्हर असलेली शिवणीची बॅग स्वस्त पडते, पण चाकाने उडवलेलं पाणी मागून शिरतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. तोंड तीनदा गुंडाळून बंद करायची, वेल्ड केलेल्या जोडांची बॅग महाग असली तरी पैसे वसूल. ऑर्टलिब कंपनीच्या या धर्तीच्या मागच्या बॅगा २० लिटरची एक, अशा जोडीने येतात. दोन दिवसांच्या सामानाला तेवढी जागा भरपूर होते.

जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला, दोन्हीकडे सारख्या भरा. सगळं वजन वर बांधलं तर उतारावर हँडल थरथरतं. सीटपोस्टवरचा लाल दिवा सामानाआड झाकला जातो. तो कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर हलवा.