व्यासांची अट, गणपतीची अट आणि माझा फोन

फोनच्या कीबोर्डवर एका कोपऱ्यात छोटासा माइक असतो. तो दाबायचा आणि बोलत सुटायचं, बोललेलं मराठीत उमटत जातं. सोय जुनीच, पण माझी तिच्याशी गाठ संधिवाताने घालून दिली. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे, ऱ्हुमॅटॉइड. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि बहुतेकांना सुरुवात बोटांपासून आणि मनगटापासून होते. सकाळी तासभर तरी माझी मूठ धड वळत नाही. मी कथा लिहिते, त्याही गाण्याबजावण्याच्या जगातल्या: फुटलेले बँड, एका गाण्यापुरते गाजलेले गायक, स्टेजमागे वायरी गुंडाळणारी माणसं. भाची म्हणाली, "मावशी, तू नुसती बोल, तो लिहील." तर तो कसा लिहितो, त्याचा हा हिशेब.

महाभारत उतरवून घेताना गणपतीने व्यासांना अट घातली होती, मध्ये थांबायचं नाही. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. या यंत्राने पहिली अट तेवढी उचलली, दुसरीचं नावही काढलेलं नाही. वाक्याच्या मध्यावर जरा कुठे शब्द शोधत थांबावं, तर माइक बंद. पुन्हा चालू करायला तोच चिमुकला गोल नेमका दाबायचा, तो चुकला की शेजारचं भलतंच काही उघडतं. बोटं चालत नाहीत म्हणून जो इथवर आला, त्याच्याकडून दर दोन वाक्यांनी बोटाची इतकी नेमकी कसरत करून घ्यायची! माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. माइक कधी बंद व्हावा हे वापरणाऱ्याने ठरवायचं, एवढं एक बटण द्या आणि हवं तेवढं मोठं द्या.

आता चांगलं. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे. ऱ्हस्व-दीर्घात ते क्वचितच अडखळतं, कारण ते अक्षरं जुळवत बसत नाही, ओळखीचा अख्खा शब्दच उचलून ठेवतं. विरामचिन्हं मात्र शून्य. माझ्या फोनवर 'पूर्णविराम' म्हटलं की तो शब्दच टाइप होतो, त्यामुळे पानभर मजकूर एका दमात वाहतो आणि संध्याकाळी बोटं मोकळी झाली की मी त्यात टिंबं पेरत बसते. संवाद मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी जिवंत झाले. ड्रमर आणि गायिका पैशांवरून भांडतात तो प्रसंग मी खोलीत फेऱ्या मारत दोघांच्या वतीने भांडून लिहिला. टाइप करताना माझी पात्रं पूर्ण वाक्यांत भांडायची. आता ती एकमेकांचं बोलणं तोडतात.

वर्णन मात्र बोलून होत नाही. 'ॲम्प्लिफायरवर साचलेली धूळ' हे मोठ्याने म्हणताना मला आपण बातम्या देतोय असं वाटतं. ते परिच्छेद मी अजून हातानेच लिहिते, थोडे थोडे.

नावांची गंमत वेगळीच. ॲबा या स्वीडिश बँडचं नाव घेतलं की 'आबा' येतं. चमचमत्या पोशाखांत गाणाऱ्या ब्रिटिश रॉकगायक डेव्हिड बोवीचं 'डेव्हिड बुवा' झालं आणि मी दुरुस्त करायच्या ऐवजी हसत बसले. मग त्यातून एक पात्रच निघालं, चमचमता झगा घालून कीर्तनाला उभा राहणारा डेव्हिडबुवा. तो झांजेऐवजी सिंथेसायझर मागतो. ती कथा अर्धी झाली आहे. याचं श्रेय यंत्राला द्यायचं की नाही हे ठरत नाही.

जिथे हसू आलं नाही ती जागाही सांगते. माझ्या कथेतला साउंडवाला 'न्हाई' म्हणतो, 'व्हतं' म्हणतो. मी त्याच्याच ढंगात बोलते, पडद्यावर 'नाही' आणि 'होतं' उमटतं. माणूस शाळेत घालून परत आणलेला! इंग्रजी नाव चुकलं तर चुकलेलं दिसतं तरी. इथे वाक्य इतकं नीटनेटकं होऊन येतं की पुन्हा वाचतानाही डोळ्यांना खुपत नाही. बोलीत लिहिणाऱ्यांनी यावर आंधळा भरवसा ठेवू नये.

संगीताचं काय? मी गाणी लावूनच लिहिणारी. स्पीकरवर गाणं लावलं तर गायकाचे शब्द माझ्या परिच्छेदात घुसतात. नुसत्या वाद्यसंगीताला अक्षरं फुटत नाहीत, पण त्या गडबडीत माझे शब्द निसटतात. म्हणून इअरफोन लावले, तर नकळत आवाज चढला. कानात गोंगाट असला की माणूस आपसूक मोठ्याने बोलतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. फ्रान्समधल्या एत्येन लोम्बार्ड या डॉक्टरांनी तो 1911 मध्ये मांडला. पानभर मजकूर सांगून होईतो घसा बसला. शेवटी एकच कान, हळू आवाज आणि शब्द नसलेलं संगीत, यावर तडजोड झाली. ठेका वेगवान असला की माझी वाक्यं आखूड होतात, हे मात्र एका कानानेही टळत नाही.

आणि घसा हा माझ्यासाठी साधा विषय नाही. या आजारात स्वरयंत्राचे इवलेसे सांधेही सुजू शकतात, आवाज घोगरा होतो. जबड्याचाही सांधाच. म्हणजे हाताला पर्याय म्हणून तोंड निवडावं, तर तेही त्याच फौजेच्या टप्प्यात. मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी मला मळमळतं, जीभ जड वाटते, आणि मग यंत्र माझं बोलणं वाटेल तसं ऐकतं. त्या दिवशी मी लिहीत नाही, इतरांची गाणी ऐकते.

गायिका सेलीन डिऑनने डिसेंबर 2022 मध्ये स्टिफ पर्सन सिंड्रोम झाल्याचं जाहीर केलं. स्नायू आखडवणारा दुर्मीळ आजार, तिच्या गळ्यापर्यंत पोचलेला. मग जुलै 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला ती आयफेल टॉवरवरून गायली आणि सगळीकडे एकच जल्लोष झाला. मीही रडले. पण आजारी कलाकाराची बातमी दोनदाच होते, पडला तेव्हा आणि उठला तेव्हा. मधले दिवस मला कथेत हवे असतात: गोळ्यांची डबी, न उघडणारी बाटली, रियाझाच्या वेळी दार लावून झोपलेली गायिका. तसे दिवस टाइप करायला बोटं साथ देत नाहीत आणि सांगायला जीभ देते, एवढ्यासाठी मी या माइकचे बाकीचे अपराध पोटात घालते. पाचपैकी साडेतीन तारे.

अर्धा तारा मी त्याच्या मुकेपणासाठी कापला आहे. हेन्री जेम्स या कादंबरीकाराचं मनगट 1897 च्या सुमारास दुखू लागलं आणि तो टायपिस्टला मजकूर सांगू लागला. रेमिंग्टन यंत्राच्या खडखडाटाची त्याला इतकी सवय जडली की आवाज न करणारं दुसरं यंत्र आलं तेव्हा त्याची पंचाईत झाली. मला हे पटतं. समोरून काहीतरी प्रतिसाद लागतो. फोन ऐकतो आहे की मघाशीच झोपला, हे पडद्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि पडद्याकडे बघत राहिलं की पात्राचा आवाज सुटतो. सध्या भाची समोर बसून माइकवर नजर ठेवते. तो बंद पडला की ती टेबलावर टकटक करते, आणि डेव्हिडबुवा चुकीचं बोलला की तेव्हाही.