अ‍ॅशबेकचं पाणी: रेडिंगमध्ये घरी बिअर करणाऱ्यांनी घ्यावं का?

आधी निकाल सांगते, मग कारणं. टेस्कोमध्ये पाच लिटरच्या बाटलीत मिळणारं अ‍ॅशबेकचं पाणी पिल्सनर किंवा हेलेस यांसारखी फिकट लागर बिअर करायची असेल तर डोळे झाकून घ्या. बिटर, पेल एल, पोर्टर, स्टाउट यांपैकी काही करणार असाल तर घेऊ नका. तुमच्या नळाचं पाणी त्या कामाला पुरेसं आहे, फक्त त्याच्यावर थोडे संस्कार करावे लागतात. आणि कॅनमधल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, माल्टच्या, आटवलेल्या अर्कापासून) बिअर करत असाल तर हा सगळा विषयच तुमच्यासाठी दुय्यम आहे. एक्स्ट्रॅक्ट तयार करणाऱ्याने त्याच्या पाण्यातले क्षार त्यात आधीच घातलेले असतात. तुम्ही क्लोरीन तेवढं घालवा आणि पुढे चला.

मी मूळची मिरजेची, आता रेडिंगला राहते, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. इकडे १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे बेकायदेशीर आहे, त्यामुळे हे लिखाण इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी आहे, त्यातही लंडन, स्लाव, रेडिंग या पट्ट्यातल्यांसाठी. आपल्या सगळ्यांच्या नळाला जे पाणी येतं ते चुनखडीतून झिरपून येतं. किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरतो तो त्याचाच.

गावाकडे बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे घरोघरी माहीत असतं. बिअरच्या बाबतीत मात्र लोक उलट्या टोकाला जातात: जड पाणी म्हणजे वाईट, हलकं म्हणजे चांगलं, संपला विषय. खरी अडचण जडपणाची नाहीच. कॅल्शियम तर बिअरला हवंच असतं. गरम पाण्यात माल्ट भिजवतो, म्हणजे मॅश करतो, तेव्हा कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटला धरून खाली बसतं आणि मॅश थोडा आम्ल होतो. शिवाय शेवटी यीस्ट नीट खाली बसायलाही ते मदत करतं. गोंधळ घालतं ते कॅल्शियमच्या सोबत आलेलं बायकार्बोनेट. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा असतो आणि बायकार्बोनेट तो वर ओढून धरतं. मग साखर कमी निघते, सालातलं टॅनिन जास्त उतरतं, रंग गडद होतो आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडूपणा जिभेवर खरखरत राहतो. तेव्हा पाण्याच्या अहवालात बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, अल्कलिनिटीचा, म्हणजे आम्ल पचवायच्या पाण्याच्या ताकदीचा आकडा पाहा; ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळेच असते.

तो आकडा घरी काढता येतो, आणि काढावाच. पाणीपुरवठा कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की अहवाल मिळतो, पण तो सरासरीचा असतो. तुमच्या नळाला आज काय येतंय ते त्यात कळत नाही. मी सॅलिफर्टचा अल्कलिनिटी किट वापरते. तो समुद्री मासे पाळणाऱ्यांसाठी बनवलेला आहे, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. छोट्या कुपीत सिरिंजने ४ मिली पाणी घ्यायचं, त्यात इंडिकेटरचे ४ थेंब टाकायचे. पाणी निळसर हिरवं होतं. दुसऱ्या सिरिंजमध्ये १ मिलीच्या खुणेपर्यंत रिएजंट ओढून घ्यायचं. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण टोकाच्या नळीमुळे द्रवाच्या आणि काळ्या दट्ट्याच्या मध्ये हवा राहते आणि सिरिंज पुरती भरलेली दिसत नाही. ते ठीक आहे. वाचायचं दट्ट्याच्या कडेवर, द्रवावर नाही. मग कुपी गोल फिरवत थेंब थेंब सोडत जायचं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी वलय उमटतं आणि विरतं. नंतर ते विरायला वेळ लागतो, आणि एका थेंबाला अख्खी कुपी नारिंगी-गुलाबी होते. तिथे थांबायचं. सिरिंजमध्ये किती उरलं ते तक्त्यात पाहायचं, तिथे लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंट या एककात जो आकडा मिळतो त्याला ५० ने गुणायचं, की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात अल्कलिनिटी हाती येते.

माझ्या नळाच्या पाण्याला जवळजवळ अख्खी सिरिंज रिकामी होते. ०.१६ वर रंग बदलतो, म्हणजे ४.८ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे लिटरला २४० मिलिग्रॅम. अ‍ॅशबेकच्या पाण्याला तीन-चार थेंबांतच गुलाबी रंग येतो. लेबलवर बायकार्बोनेट २५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, त्याची अल्कलिनिटी होते साधारण २०. किट आणि लेबल जुळतात. शाळेतल्या मुलांना टायट्रेशन शिकवताना मी जे कौतुकाने दाखवते, ते स्वयंपाकघरात इतक्या स्वच्छपणे दिसतं याचा मला मनापासून आनंद होतो.

आता पाण्याबद्दल. अ‍ॅशबेक येतं कंब्रियामधून. कॅल्शियम १०, क्लोराइड १२, सल्फेट १०, सोडियम ९ मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ कोरी पाटी. क्लोरीन नाही, त्यामुळे ते घालवायची खटपट नाही. पिल्सनरला असंच पाणी लागतं. १८४२ मध्ये योसेफ ग्रोलने बोहेमियातल्या प्लझेन गावात पहिली पिल्सनर केली ती तिथल्या अतिशय हलक्या पाण्यावर. फिकट माल्टमध्ये स्वतःची आम्लता फारशी नसते, त्यामुळे बायकार्बोनेटशी झुंजायची ताकद त्याच्यात नाही. गडद भाजलेल्या माल्टमध्ये ती असते. लंडनच्या चुनखडीच्या पाण्यात पोर्टर ही गडद बिअर बहरली, त्यामागे हे एक कारण आहे.

एकाच पोत्यातला पिल्सनर माल्ट, तेच साझ हॉप्स, तेच डब्ल्यू-३४/७० यीस्ट, गॅरेजमधलं १२ अंशांचं तेच तापमान, असं ठेवून मी नळाच्या आणि अ‍ॅशबेकच्या पाण्याची तुलना केली. नळाच्या पाण्यातलं फक्त क्लोरीन घालवलं होतं. त्या मॅशचा पीएच ६ च्या जवळ गेला. अ‍ॅशबेकचा कॅल्शियम क्लोराइड घालून ५.७ च्या खाली जेमतेम आला, मग ८० टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल चार मिली घातल्यावर ५.४ झाला. म्हणजे नुसतं हलकं पाणी ओतलं की काम झालं असं नाही, हे लक्षात ठेवा. पण २० अल्कलिनिटीच्या पाण्याला चार मिली पुरतात. २४० च्या पाण्याला इतकं लॅक्टिक घालावं लागेल की त्याची आंबूस चव बिअरमध्ये कळेल.

ग्लासात फरक लपत नाही. नळाच्या पाण्याची बिअर एक छटा गडद, पहिला घोट बरा, पण गिळल्यावर घशाच्या मागे सुपारीसारखा तुरटपणा चिकटून बसतो आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. अ‍ॅशबेकची बिअर पेंढ्याच्या रंगाची. साझचा गवती, किंचित मसालेदार वास आधी येतो, मग माल्टचा गोडवा, आणि कडूपणा येतो तसा निघूनही जातो. घरी आलेल्या मंडळींनी कुठली कुठल्या पाण्याची हे न सांगताही ही हलक्या पाण्याचीच पुन्हा मागितली.

अ‍ॅशबेकमध्ये कॅल्शियम कमी आहे, ते घालावं लागतं. मी ३३ लिटरला ४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालते. त्याने कॅल्शियम साधारण ३३ ने वाढतं आणि क्लोराइड ५८ ने. क्लोराइडमुळे माल्ट गोलसर लागतो. लागरला इतकं पुरतं. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मी पिल्सनरमध्ये घालत नाही. सल्फेटने हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि टोकदार होतो, जो बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पेल एलमध्ये शोभतो, पिल्सनरमध्ये नाही.

आता ज्यासाठी घेऊ नका म्हटलं ते. २३ लिटर बिअरला ३३ लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे सात बाटल्या. दहा पौंडांच्या आसपास खर्च, गाडीच्या डिकीत पस्तीस किलो वजन आणि मागे सात रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. पिल्सनरसाठी मी हे करते. पण बिटरसाठी हे पाणी आणायचं आणि मग त्यात पुडीपुडीने जिप्सम घालून तेच क्षार परत भरायचे, जे नळाच्या पाण्यात फुकट येतात, हे मला पटत नाही.

नळाच्या पाण्यासाठी दोन गोष्टी पुरतात. एक, कॅम्पडेनची गोळी, म्हणजे सल्फाइटची गोळी. ३५ लिटरला अर्धी, चुरून, ढवळून. क्लोरीन तर जातंच, उकळून सहज न जाणारं क्लोरामिनही जातं. हे केलं नाही तर माल्टमधल्या फिनॉलशी क्लोरीनची गाठ पडते आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. अगदी थोडं असलं तरी नाकाला कळतं. दुसरी, सीआरएस किंवा एएमएस नावाने मिळणारं हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण. लिटरला १ मिली घातलं की अल्कलिनिटी सुमारे १८० ने उतरते. जाताना क्लोराइड आणि सल्फेट मागे ठेवून जातं, आणि बिटरला नेमकं तेच हवं असतं. घातल्यावर पाण्यात बारीक बुडबुडे येतात, तो बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड. नीट ढवळून तो निघू द्या. हातमोजे घाला, आणि बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. हे खरं आम्ल आहे.

२४० वरून २०–३० वर यायला माझ्या पाण्याला लिटरमागे १.१५ मिली लागतं. पोर्टरसाठी मी इतकं खाली आणत नाही. १०० च्या आसपास थांबते, बाकीचं काम गडद माल्ट करतो.

घरात मिठाचा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असेल तर त्याच्या पुढच्या नळाचं पाणी बिअरला अजिबात वापरू नका. आपल्या भागात अनेकांकडे तो असतो, आणि ‘आमचं पाणी सॉफ्ट आहे’ असं लोक विश्वासाने सांगतात. तो कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. जडपणाच्या दर १०० मिलिग्रॅममागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम. बायकार्बोनेटला तो हातही लावत नाही. म्हणजे हवं ते गेलं, नको ते राहिलं. सिंकखाली बहुधा एक सॉफ्टनरआधीचा पिण्याचा नळ असतो, तिथून पाणी घ्या.

महागड्या बाटलीबंद पाण्यालाही भुलू नका. एव्हियानच्या लेबलवर बायकार्बोनेट ३६० लिहिलेलं आहे. त्याची अल्कलिनिटी होते २९५, माझ्या नळापेक्षा जास्त! पिल्सनरसाठी ते विकत घेणं म्हणजे पैसे देऊन अडचण घरी आणणं. व्होल्विकचं ७४ आहे, म्हणजे अल्कलिनिटी ६१, त्यात ओढूनताणून जमतं, पण अ‍ॅशबेकपेक्षा महाग पडतं. गाडीच्या बॅटरीसाठी विकतात ते डीआयोनाइज्ड पाणी पिण्यासाठी बनवलेलं नसतं, ते या कामात आणू नका. मत्स्यालयाच्या दुकानात आरओचं पाणी स्वतःचा कॅन नेऊन भरून मिळतं. दुकान जवळ असेल तर तो अ‍ॅशबेकला चांगला पर्याय आहे आणि प्लॅस्टिकही वाचतं. भरून आणलेलं पाणी मात्र किटने तपासा. फिल्टर जुना झाला असला की चार थेंबांऐवजी दहा थेंब लागतात आणि लगेच लक्षात येतं.

मधला मार्गही आहे. कोल्श किंवा ब्लाँड एल करताना मी अर्धं नळाचं, अर्धं अ‍ॅशबेकचं घेते. अल्कलिनिटी १३० वर येते, लिटरला अर्ध्या मिलीहून थोडं जास्त सीआरएस घातलं की ती ३० च्या आसपास, आणि नळाच्या पाण्यातलं निम्मं कॅल्शियम हाताशी राहतं, वेगळं काही घालायला नको. चार बाटल्यांत भागतं. त्यातलं उरलेलं तीन-चार लिटर पाणी मी तुरीच्या डाळीला वापरते, आणि ती कुकरच्या दोन शिट्ट्यांत मेणासारखी होते.

बाटली उचलताना पुढचं चित्र नाही, मागचं लेबल पाहा. दुकानाच्या त्याच कप्प्यात दुसऱ्या झऱ्यांचं पाणी जवळजवळ तशाच बाटलीत असतं, आणि त्याचं बायकार्बोनेट कितीतरी जास्त असू शकतं. तो आकडा ०.८२ ने गुणला की अल्कलिनिटी मिळते. पिल्सनरसाठी उत्तर ५० च्या आत असेल तर ते पाणीही चालेल, नाव अ‍ॅशबेक असो वा नसो.