कॅनन ५० एमएम एफ/१.८ एसटीएम: मैदानात दमवणाऱ्या दोन भावंडांसाठी

घरात दोन लहान मुलं आणि हाताशी कॅननचा १५०० डी किंवा २०० डी असेल, तर किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सनंतर) पहिली घ्यावी ती ही लेन्स. वजन जेमतेम १६० ग्रॅम, माउंट धातूचं, किंमत कॅननच्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सांमध्ये खिशाला सर्वांत परवडणारी. याच लेन्सचं जुनं ‘टू’ मॉडेल सेकंडहँड शोधू नका. त्याचं माउंट प्लॅस्टिकचं आहे आणि मोटर फार कुरकुरते.

बहुतेक जण ही लेन्स एफ/१.८ साठी, म्हणजे मोठ्या उघडणाऱ्या छिद्रासाठी (अ‍ॅपर्चर; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) घेतात आणि तिथेच फसतात. क्रॉप सेन्सरवर (या कॅमेऱ्यांतल्या छोट्या सेन्सरवर) दोन मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण ११ सेंटिमीटरचा. एकट्या बाळाच्या चेहऱ्याला तो पुरतो. पण वाळूत खेळताना ताई पुढे वाकलेली आणि धाकटा तिच्या मागे वीतभर अंतरावर असेल, तर एकाचे डोळे लख्ख आणि दुसरा धूसर, हे ठरलेलंच. एफ/४ ठेवून मुलांपासून चार-पाच मीटरपर्यंत मागे सरका. पाच मीटरवर हाच पट्टा दीड मीटरच्या आसपास होतो, दोघंही त्यात मावतात, फ्रेमची रुंदीही सव्वादोन मीटर मिळते. मागची झाडं दूर असतील तर तरीही छान विरघळतात. मुलांना कॅमेऱ्याचा विसर पडतो, हा वेगळाच फायदा.

झोक्यावर मात्र उघडं अ‍ॅपर्चर वापरता येतं. बाजूने उभं राहा, म्हणजे झोका देणारा दादा आणि बसलेली धाकटी कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्या अंतरावर येतात आणि झोका हलला तरी फोकस बदलत नाही. एफ/२.८ चालतं. झोका टोकाला क्षणभर थांबतो, तिथे बटण दाबलं तर १/२५० सेकंदाचा शटर वेगसुद्धा पुरतो. पकडापकडीला १/८०० च्या खाली उतरू नका. लेन्सला स्टॅबिलायझर (हाताचा हलका कंप सावरणारी सोय) नाही; पण असता तरी धावणारे पाय त्याने थांबले नसते.

खरी उणीव फोकसच्या वेगात आहे. एसटीएम मोटर व्हिडिओला बरी, पण मूल थेट कॅमेऱ्याकडे धावत आलं की ती मागे पडते. म्हणून मुलं आडवी पळतील अशी जागा धरा, एआय सर्व्हो (हलत्या गोष्टीवर फोकस सतत ठेवणारा मोड) लावा आणि मधलाच फोकस पॉइंट वापरा. १५०० डी मधल्या नऊ पॉइंटांपैकी क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा) तो एकच. कडेचे पॉइंट उन्हं कलली की चाचपडत राहतात. १५०० डी वर लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर बघून) पळती मुलं टिपायचा नाद तर सोडाच. लगोरीत रचलेल्या फरश्यांवर आधीच फोकस करून ठेवलं, तर चेंडू लागतानाचा कल्ला हमखास मिळतो.

सूर्य मावळण्याआधीचा तास घ्या आणि सूर्य मुलांच्या पाठीशी ठेवा. केसांना कड येते, डोळे मिचकत नाहीत. अशा वेळी ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवणं) बंद करून उजेड चेहऱ्यावर मोजा, नाहीतर उजळ आकाशाच्या नादात कॅमेरा दोघांचेही चेहरे काळवंडून टाकतो. समोरच्या सूर्याने ही लेन्स धुरकट होते, एफ/१.८ ला पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला जांभळी किनारही दिसते. एफ/२.८ पासून ती बरीच ओसरते.

चाळीच्या अंगणात किंवा गच्चीवर मागे सरकायला जागा नसेल, तर मात्र ही घेऊ नका. क्रॉप सेन्सरवर ती ८० एमएमसारखी घट्ट दिसते. तिथे ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम घ्या.

ईएस-६८ हूड (लेन्सपुढची सावली धरणारी कड) वेगळा विकत घ्यावा लागतो, पण तो घ्याच. फोकस जवळ असताना पुढची नळी बाहेर येते आणि कॅमेरा बंद केला तरी ती तशीच राहू शकते. पिशवीत टाकण्याआधी दूरवर फोकस करून ती आत घ्या. समुद्रकिनारी तर जास्तच जपा, कारण धूळ-पाण्यापासून संरक्षण या लेन्सला नाही आणि त्या नळीच्या फटीत वाळूचा कण अडकला की फोकस करकरायला लागतो.